७२ व्होल्टच्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा मेन फ्यूज बदलायचा आहे, लोहार चाळीतला चालेल का?

फुलवाली_मुलुंड

नमस्कार. गाडीच्या बॅटरीतल्या मेन फ्यूजबद्दल विचारायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

आमच्याकडे २०१८ची इलेक्ट्रिक सेडान आहे. एका ऑफिसच्या ताफ्यातून निघालेली, आम्ही सेकंडहँड घेतली. पॅक ७२ व्होल्टचा, वॉरंटी केव्हाच संपलेली. आमचा धंदा फुलांचा. पहाटे दादरच्या फूल बाजारात माल भरायचा आणि ईस्टर्न एक्स्प्रेसने मुलुंड-ठाण्याच्या डेकोरेटरना उजाडायच्या आत पोचवायचा. झेंडू-शेवंतीच्या गोण्यांनी मागची सीट आणि डिकी भरलेली असते, म्हणजे वजन बऱ्यापैकी.

गेल्या पावसाळ्यानंतर छेडानगरचा पूल चढताना डॅशबोर्डवर कासव यायला लागलं. पिकअप जातो, गाडी रांगते, मग खाली उतरल्यावर पुन्हा ठीक. परवा मात्र विक्रोळीजवळ गाडी धाडकन बंदच पडली. खटका ऐकू आला आणि सगळं गेलं. चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर सुरू झाली. मागून ट्रक येत होते, भाऊ अक्षरशः थरथरत घरी आला.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर या मॉडेलला आता हात लावत नाही. म्हणून कुर्ल्याच्या एका बॅटरीवाल्याकडे नेली. त्याने पॅकचं झाकण उघडून, १०० अँपिअरचा लोड लावून फ्यूजवर ९० मिलिव्होल्ट ड्रॉप दाखवला. म्हणाला, फ्यूज म्हातारा झाला, बदलावा लागेल. मूळ फ्यूजवर ३५० अँपिअर, १५० व्होल्ट डीसी असं लिहिलंय. त्याचं म्हणणं, हा मिळायला वेळ लागेल, त्यापेक्षा लोहार चाळीतून (मुंबईतला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) ४०० अँपिअरचा, ४१५ व्होल्टचा एचआरसी फ्यूज, म्हणजे वीज पॅनेलमध्ये असतो तसला, आणतो, गाडी फक्त ७२ व्होल्टची आहे, त्यामुळे तो कितीतरी जास्त सुरक्षित.

प्रश्न असे:
फ्यूज खरंच म्हातारा होतो का? तो उडतो किंवा उडत नाही, एवढंच मला माहीत होतं.
एचआरसी चालेल का?
भाऊ आयटीआय वायरमन आहे. घरीच बदलला तर?

गाडी सध्या सोसायटीत उभी आहे. माल टेम्पोने येतोय, रोजचं भाडं परवडत नाही, पण भावाला त्या गाडीत बसवायची हिंमत होत नाही.

प्रवासी_नाशिक

एचआरसी बिनधास्त चालेल, ४१५ व्होल्ट म्हणजे ७२ च्या सहापट. उलट मी म्हणेन ५०० चाच टाका, पुन्हा कटकट नको. आणि फ्यूजच कारण आहे का हे बघायचं असेल तर त्या जागी तांब्याची पट्टी लावून एक चक्कर मारून बघा, पाच मिनिटांत कळेल.

निवृत्त_कारशेड

ताई, तांब्याची पट्टी लावून चक्कर मारू नका. ५०० चाही टाकू नका. नाशिकच्या मित्रांनी मदतीच्या भावनेने लिहिलं असेल, पण या दोन्ही गोष्टींनी गाडी जळू शकते, म्हणून आधी हे लिहितो आणि मग बाकीचं सविस्तर.

फ्यूज मोटरसाठी नसतो, केबलसाठी आणि पॅकसाठी असतो. तुमची केबल, लग (केबलच्या टोकाची जोडणी), कॉन्टॅक्टर (पॅक जोडणारा-तोडणारा मोठा रिले) हे सगळं ३५० चा फ्यूज धरून निवडलेलं आहे. ५०० चा टाकला की केबल तापून तिचं इन्सुलेशन मऊ पडेल, तरी फ्यूज शांत बसेल. आणि पट्टी लावलीत तर शॉर्ट झाल्यावर तोडणारं कुणीच उरत नाही. अंदाज घ्या: समजा पॅकचा अंतर्गत रेझिस्टन्स १५ मिलिओहम आहे. ७२ भागिले ०.०१५, म्हणजे ४,८०० अँपिअर. हा प्रवाह कॉन्टॅक्टरला तोडता येत नाही, त्याचे पॉइंट चिकटतात. तो तोडायचं काम एकट्या फ्यूजचं.

आता एचआरसीबद्दल. मी कुर्ला कारशेडला लोकल गाड्यांच्या इलेक्ट्रिकल विभागात नोकरी केली. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि हार्बर लाइन २५,००० व्होल्ट एसीवर गेली ती एप्रिल २०१६ मध्ये. म्हणजे या शहराच्या लोकल नव्वद वर्षं डीसीवर चालल्या. आमच्या पिढीने डीसीचा आर्क, म्हणजे प्रवाह तोडताना फटीत पेटून राहणारी ठिणगी, रोज पाहिला आहे. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे आर्क स्वतःच विझायला बघतो. डीसी शून्यावर येतच नाही. एकदा आर्क धरला की त्याला ओढून लांब करून, थंड करून, जबरदस्तीने विझवावं लागतं. त्यासाठीच आमच्या ब्रेकरवर आर्क च्यूटच्या त्या मोठ्या पेट्या असायच्या.

"पण ७२ व्होल्टच तर आहे" असं तुमचा बॅटरीवाला म्हणेल. वेल्डिंगवाला २०-३० व्होल्टवर दिवसभर आर्क धरून लोखंड वितळवतो, हे त्याला विचारा. आर्क टिकायला व्होल्टेज फार लागत नाही, प्रवाह लागतो, आणि तो तुमच्या पॅकमध्ये भरपूर आहे. आपल्या एआयएस-०३८ या मानकात ६० व्होल्ट डीसीच्या वर सगळं हाय व्होल्टेज धरलं जातं. तुमची गाडी त्यात बसते.

मी खोटं सांगणार नाही: ४१५ व्होल्ट एसीचे काही एचआरसी फ्यूज डीसीलाही चालतात, त्यांच्या अंगावर तसा डीसीचा आकडा छापलेला असतो. पण तेवढ्याने तो गाडीला योग्य ठरत नाही. पॅनेलमधला एचआरसी बहुधा जीजी, म्हणजे सर्वसाधारण वापराच्या, वर्गाचा असतो. त्याच्या पट्टीवर कथिलाचा एक ठिपका असतो, हळू ओव्हरलोडला पट्टी लवकर वितळावी म्हणून. पॅनेलमध्ये लोड बराचसा स्थिर, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. गाडीत दर सिग्नलला प्रवाह शून्यावरून ३०० वर जातो, ब्रेक मारला की उलटा फिरतो. शिवाय खड्डे आहेत. पॅनेलचा फ्यूज या धक्क्यांसाठी तपासलेला नसतो. गाड्यांच्या हाय व्होल्टेज फ्यूजसाठी आयएसओ ८८२०-८ हे वेगळं मानक आहे, ते उगाच नाही. आणि हा एचआरसी मूळ फ्यूजच्या बोल्टच्या अंतरात तरी बसणार आहे का? नाही बसला तर कुणीतरी पट्टी वाकवून, भोक मोठं करून बसवेल. तिथून पुढचा त्रास सुरू होतो.

म्हातारपणाचं म्हणाल तर हो, फ्यूज म्हातारा होतो. हे फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून जरा लांबवतो. आत चांदीची किंवा तांब्याची पातळ पट्टी असते, तिला मध्ये मध्ये भोकं पाडून अरुंद माना केलेल्या असतात. भोवती क्वार्ट्झची वाळू ठासून भरलेली. ॲक्सिलरेटर दाबला की माना तापतात आणि फुगतात, सोडला की आकसतात. असं लाखो वेळा झालं की मानेत बारीक तडे जातात. तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. तड्यामुळे उरलेली मान आणखी बारीक, म्हणून आणखी तापते, म्हणून आणखी तडे. फ्लीटमध्ये चाललेल्या गाडीने दिवसभर थांबा-निघा केलेलं असतं. त्यात मुंबईचा उन्हाळा. फ्यूजवर लिहिलेले अँपिअर हे २०-२५ अंश तापमानाला असतात, पॅकच्या बंद पेटीत ४५ अंश असेल तर त्याची क्षमता त्याहून कमी धरावी लागते.

आता कुणी म्हणेल, म्हातारा फ्यूज फार तर लवकर उडेल, गाडी थांबेल, त्यात जीवाला धोका काय? धोका आहे. बॅटरीचे बरेच फ्यूज एआर वर्गाचे असतात. ते मोठा शॉर्ट झटक्यात तोडतात, पण रेटिंगच्या जरा वरचा हळू ओव्हरलोड तोडणं त्यांचं काम नव्हे, तिथे ते कॉन्टॅक्टरवर विसंबतात. तडे गेलेली मान साध्या २०० अँपिअरवर, चालत्या गाडीत तुटली, तर नेमका तोच प्रवाह तोडायची वेळ येते जो तोडण्यासाठी तो बनलेला नाही. आर्क आत रेंगाळतो, वाळू वितळते, सिरॅमिकची नळी फुटू शकते. पॅकच्या आत, सेलच्या शेजारी. म्हणून म्हातारा फ्यूज चालवत राहायचा नाही.

आणखी एक, जुन्या गाडीसाठी महत्त्वाचं. सेल जुने झाले की त्यांचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो. मग शॉर्टचा प्रवाहही कमी होतो, आणि प्रवाह कमी म्हणजे फ्यूज उडायला वेळ जास्त. नव्या पॅकला जो फ्यूज क्षणात तुटायचा तो जुन्या पॅकला जास्त वेळ घेतो. अशा पॅकमध्ये त्याहून मोठा आणि त्याहून मंद फ्यूज टाकणं किती चूक, ते तुमच्या लक्षात येईल.

आता ते ९० मिलिव्होल्ट. १०० अँपिअरला ९० मिलिव्होल्ट म्हणजे ०.९ मिलिओहम. या आकाराच्या निरोगी फ्यूजचा रेझिस्टन्स साधारण ०.१ ते ०.२ मिलिओहमच्या आसपास असायला हवा. म्हणजे आकडा नक्कीच वाईट आहे. पण माझा प्रश्न: त्याने मीटरच्या दोन टोकांनी नेमकं कुठे धरलं? फ्यूजच्या स्वतःच्या पात्यांवर, की बसबारवर (फ्यूज ज्या धातूच्या जाड पट्टीला बोल्टने जोडतात ती), बोल्टच्या पलीकडे? पलीकडे धरलं असेल तर त्या ९० मध्ये फ्यूजही आहे आणि दोन्ही जोडही आहेत. माझ्या अनुभवात असा ड्रॉप दहातल्या बहुतेक वेळा जोडात सापडतो, फ्यूजमध्ये नाही. बोल्ट सैल, वॉशर गंजलेला, बसबारवर काळा थर.

तीन वेगळी मापं घ्यायला सांगा: डावा बसबार ते फ्यूजचं डावं पातं, पातं ते पातं, उजवं पातं ते उजवा बसबार. लोड बंद असताना इन्सुलेटेड क्लिपा लावायच्या, हात बाहेर, मग लोड चालू. हातात प्रोब धरून उघड्या पॅकमध्ये वाकायचं नाही. साध्या मल्टिमीटरची बीप ऐकून "फ्यूज चांगला आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, अर्धी तुटलेली पट्टीही बीप देते.

आणि कासवाचं खापर लगेच फ्यूजवर फोडू नका. ०.९ मिलिओहमवर ४०० अँपिअरला ०.३६ व्होल्ट पडतात. ७२ मधून तेवढ्याने कासव येत नाही. कासव येतं ते एखादा सेल लोडखाली बसतो म्हणून, किंवा कुठला तरी तापमानाचा सेन्सर ओरडतो म्हणून. लोडवर प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि प्रत्येक सेन्सरचं तापमान वाचून घ्या. ते आकडे इथे टाका.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: घरी नको. भाऊ वायरमन असला तरी नको. कारण पुढच्या पोस्टमध्ये, आकडे आल्यावर.

अंधेरी_वर्कशॉप

काकांची पोस्ट सेव्ह करून ठेवली. मी बाहेरून आयात झालेल्या गाड्यांचं काम करतो, त्यामुळे वेगळ्या प्रकारच्या फ्यूजबद्दल थोडं लिहितो, कारण हा धागा पुढे कुणीतरी शोधत येईल.

सगळेच फ्यूज वितळणारे नसतात. काही गाड्यांमध्ये पायरो फ्यूज असतो. आत एअरबॅगसारखी छोटी स्फोटक गोळी असते, सिग्नल मिळाला की ती पिस्टन ढकलते आणि बसबार कापला जातो. टेस्लाने जुलै २०१५ मध्ये मॉडेल एससाठी असा फ्यूज जाहीर केला तेव्हा त्यात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स आणि स्वतःची छोटीशी लिथियम बॅटरी दिली होती. तो प्रवाहावर मिलिसेकंदाच्या पातळीवर लक्ष ठेवतो, म्हणून त्यांना पॅकमधून १३०० ऐवजी १५०० अँपिअर काढता आले. टेस्लाचं बीकेसीतलं शोरूम जुलै २०२५ मध्ये उघडलं, पण हौशी लोकांनी त्याच्या कितीतरी आधी मोजक्या गाड्या स्वतः आणल्या होत्या. त्या आता जुन्या झाल्या आहेत.

अशा फ्यूजचं म्हातारपण उलट दिशेचं. वितळणारा फ्यूज म्हातारा झाला की नको तेव्हा तुटतो. स्वतःच्या सेलवर चालणारा पायरो म्हातारा झाला, सेल संपला, की हवा तेव्हा तुटणार नाही अशी भीती. गाडी व्यवस्थित पळत असते, मालकाला काहीच जाणवत नाही. म्हणून अशा गाडीने फ्यूज बदलायची सूचना दिली तर ती पुढच्या सर्व्हिसवर ढकलू नका.

आणि मेकॅनिक मंडळींना हात जोडून विनंती: पायरोच्या कनेक्टरवर साधा मल्टिमीटर लावू नका. मीटरच्या स्वतःच्या प्रवाहानेही गोळी उडू शकते. एअरबॅगला जे नियम तेच इथे.

ताई, तुमच्या गाडीत हा प्रकार नाही, त्यामुळे काळजी नको. तुमचं काम काका सांगतील तसंच करा.

फुलवाली_मुलुंड

काका, खूप खूप आभार. तुमची पोस्ट प्रिंट काढून बॅटरीवाल्याकडे नेली. सुरुवातीला तो जरा नाराज झाला, पण वाचल्यावर म्हणाला, बरोबर आहे, मी बसबारवर धरलं होतं. मग आमच्यासमोर तिन्ही मापं घेतली, लोड १०० अँपिअरच:

डावा जोड: ४ मिलिव्होल्ट
फ्यूज, पातं ते पातं: १४ मिलिव्होल्ट
उजवा जोड: ७२ मिलिव्होल्ट

सेलचे आकडे लोडखालीही जवळजवळ सारखे, कुठलाच वेगळा खाली बसत नाही. पण फ्यूजच्या उजव्या बाजूचा तापमान सेन्सर वीस मिनिटांनी बाकीच्यांपेक्षा २३ अंश जास्त दाखवत होता. उजवीकडचं पातं निळसर-जांभळं पडलंय, बोल्टचा वॉशर तपकिरी.

म्हणजे फ्यूज चांगलाच आहे ना? नुसता बोल्ट घट्ट केला की झालं? बॅटरीवाला म्हणतोय आत्ता पाना मारतो आणि गाडी घेऊन जा. तुमचं उत्तर आल्याशिवाय करू नको म्हटलंय.

निवृत्त_कारशेड

थांबलात, फार चांगलं केलंत.

आकडे बोलके आहेत. ७२ मिलिव्होल्ट म्हणजे त्या एका जोडात ०.७२ मिलिओहम. पुलावर ३०० अँपिअर ओढले की त्या एका बोल्टपाशी ६५ वॉट उष्णता, बंद पेटीत. सेन्सर तेच सांगतोय, आणि कासवाचं कारण मला तरी तेच दिसतं. विक्रोळीला कॉन्टॅक्टर पडला तोही तापमानाने मर्यादा ओलांडल्यामुळे असू शकतो. बीएमएसमध्ये (पॅकवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स) नोंद राहिली असेल तर बॅटरीवाल्याला ती वाचायला सांगा, अंदाजापेक्षा नोंद बरी.

फ्यूज आजच्या मापाला निरोगी आहे. तरीही मी तो बदलायला सांगतो. पातं निळं-जांभळं पडलं म्हणजे तांबं बऱ्यापैकी भाजलं. ती उष्णता पात्यातून सरळ आतल्या पट्टीत आणि डाखकामात जाते. रेझिस्टन्स अजून वाढलेला नाही, पण त्या बाजूच्या मानांनी किती सोसलंय ते बाहेरून मोजता येत नाही. इतका खटाटोप करून पॅक उघडलाच आहे, तर भाजलेला फ्यूज परत आत बंद करू नये.

आणि नुसता पाना मारणं हा उपाय नाही. काळ्या थरावर बोल्ट घट्ट केला तर थर तसाच राहतो, महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. शिवाय भाजलेला बोल्ट नरम पडलेला असतो. क्रम असा ठेवा:

आधी गाडी मृत करायची. १२ व्होल्टची बॅटरी सोडायची, सर्व्हिस प्लग (पॅकचं सर्किट तोडण्यासाठी काढायची खुंटी) काढून ज्याच्या हातात काम आहे त्याच्याच खिशात ठेवायचा. कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला थांबायचं, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ पाळायचा. मग मोजायचं. मोजण्याआधी मीटर एखाद्या जिवंत बॅटरीवर तपासायचा आणि मोजून झाल्यावर पुन्हा तपासायचा. मीटरच बंद असेल आणि शून्य दाखवत असेल तर माणूस त्या शून्यावर विश्वास ठेवून हात घालतो.

घरी नको म्हणालो त्याचं कारण इथे आहे. वायरमन घरातलं काम मेन स्विच बंद करून करतो, आणि मग सगळं मेलेलं असतं. बॅटरीचा मेन स्विच नसतो. सर्व्हिस प्लग काढला तरी सेल जिवंतच. फ्यूज पॅकचा प्लस आणि कॉन्टॅक्टर यांच्या मध्ये असेल तर कॉन्टॅक्टर उघडा असूनही फ्यूजची दोन्ही टोकं जिवंत असतात. त्या पात्यावर पाना आहे आणि पान्याचं दुसरं टोक मायनसच्या बसबारला लागलं, तर शॉकची गोष्टच सोडा, पाना वितळून अंगावर उडतो. भावाला हे समजावून सांगा. त्याचं कौशल्य कमी आहे असं नाही, हे काम वेगळं आहे.

काम करणाऱ्याच्या अंगावर अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन काही नको. ताई, तुम्ही जवळ उभ्या राहणार असाल तर मंगळसूत्र आणि बांगड्यांसह पॅकवर वाकू नका, लांबूनच बघा. रबरी इन्सुलेटेड हातमोजे, त्यांवर चामड्याचे. रबरी मोजा घालण्याआधी तोंडाकडून गुंडाळून हवा कोंडून बघायचा, भोक असेल तर लगेच कळतं. चष्मा, चेहऱ्यावर शील्ड. इन्सुलेटेड हत्यारं, आणि सोबत दुसरा माणूस, ज्याला काय करायचं हे माहीत आहे. एवढं त्या बॅटरीवाल्याकडे नसेल तर दुसरीकडे न्या. हे माझं ठाम मत आहे.

मग जोड. बसबार चकचकीत होईपर्यंत बारीक पॉलिश पेपरने साफ करायचा, पण मुलामा असेल तर घासून काढायचा नाही, नुसता पुसायचा. धुळीचा कण पॅकमध्ये पडता कामा नये, म्हणून सेल कापडाने नव्हे तर इन्सुलेशनच्या शीटने झाकायचे. बसबारला खड्डे पडले असतील तर तो बदलायचा. बोल्ट, वॉशर, स्प्रिंग वॉशर नवीन, त्याच ग्रेडचे. घट्ट करायचं टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. अंदाजाने नाही, "दोन आटे अजून" असं नाही. फ्यूजचं पातं सपाट बसलं पाहिजे, ओढून-ताणून बसवलं तर सिरॅमिकवर ताण येतो. शेवटी बोल्टवर रंगाची रेघ, म्हणजे पुढच्या वेळी हलला का ते नजरेने दिसतं. आमच्याकडे प्रत्येक पॉवर टर्मिनलवर अशी रेघ असायची.

फ्यूज कुठला: जुन्यावरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर उतरवून घ्या आणि अधिकृत वितरकाकडूनच, बिलासकट मागवा. तोच मॉडेल बंद झाला असेल तर निर्मात्याकडून लेखी पर्याय घ्या. डीसी व्होल्ट मूळच्या इतके किंवा जास्त, अँपिअर तेवढेच, तोडण्याची क्षमता मूळच्या इतकी किंवा जास्त, वितळण्याचा वेग मूळसारखा, बोल्टचं अंतर तेच. यातलं एकही जुळत नसेल तर नको. कुर्ल्याच्या भंगार बाजारातला काढलेला फ्यूज कितीही नवा दिसला तरी नको, त्याने किती चढ-उतार पाहिलेत ते त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं.

झाकणाचं गॅस्केट नवीन टाका. हे मी परत लिहितो: गॅस्केट नवीन. तुमचा त्रास पावसाळ्यानंतर सुरू झाला आणि वॉशर तपकिरी आहे, हे मला खटकतंय. दादरहून पहाटे निघताना हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी घातली होती का? ओल आत गेल्याची खूण असेल तर जोड साफ करून उपयोग नाही, ओल कुठून आली ते शोधावं लागेल. बंद करण्याआधी पॅक आणि गाडीची बॉडी यांच्यामधला इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजा. मानकाची किमान मर्यादा डीसीसाठी व्होल्टला १०० ओहम आहे, म्हणजे तुमच्या पॅकला ७,२०० ओहम. ती फक्त किमान झाली. कोरडा पॅक यापेक्षा कितीतरी पट वर दाखवतो. काठावर असेल तर बंद करू नका.

फुलवाली_मुलुंड

हो काका. गेल्या जुलैत हिंदमाताला पाणी होतं, भावाने दोनदा गाडी तशीच काढली होती. आज विचारल्यावर सांगितलं. गॅस्केटच्या एका कोपऱ्यात पांढरट रेघ दिसली, तिथून आलं असावं. बॅटरीवाल्याकडे ग्लोव्हज नव्हते, म्हणून त्यानेच ठाण्याच्या एका ओळखीच्या ईव्ही वर्कशॉपचं नाव दिलं. गाडी टोइंगवर तिकडे नेतोय. फ्यूज पार्ट नंबरने मागवला, यायला वेळ आहे. तोवर टेम्पो.

एकच शेवटचं: काम झाल्यावर ते नीट झालं हे मी, म्हणजे इलेक्ट्रिकचं काही न कळणारी बाई, कसं तपासू?

निवृत्त_कारशेड

टोइंगवर नेताना चाकं जमिनीवर फिरू देऊ नका, मोटर फिरली की ती वीज तयार करते. फ्लॅटबेडच मागवा.

तपासायला तुम्हाला फक्त वही लागेल. तुमच्यासमोर पुन्हा तेच १०० अँपिअर लावायला सांगा आणि तीच तीन मापं लिहून घ्या. दोन्ही जोड साधारण सारखे यायला हवेत, डावा ४ आहे तर उजवाही त्याच्या आसपास. लोड वीस मिनिटं ठेवून सगळ्या सेन्सरचं तापमान लिहा, उजवा बाकीच्यांबरोबर चालला पाहिजे. जॉब कार्डवर फ्यूजचा पार्ट नंबर, बॅच नंबर, टॉर्कचा आकडा आणि इन्सुलेशनचं माप लिहून सही घ्या. विमा कंपनीने उद्या विचारलं तर हाच कागद कामी येईल.

मग गाडीत माल न भरता छेडानगरचा पूल चढा, नंतर भरून चढा. दोन्ही वेळा सेन्सरचे आकडे बघा. पहिल्या महिन्याने बोल्टवरची रेघ जुळते का ते वर्कशॉपला बघायला सांगा. आणि जुना फ्यूज फेकू नका, पात्याचे दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. निळा रंग कुठपर्यंत पोचलाय त्यावरून तो जोड किती तापत होता याचा अंदाज मला देता येईल.